समोर कोण?

15 फेब्रुवारी 2024, गुरुवार. बीड.

पहाटे 5.15

खोली दहा बाय बाराची. भाडं साडेतीन हजार, तिघांत वाटून. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि राज्यघटनेच्या कलमांचा हातानं लिहिलेला तक्ता. तिघंही स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. एक तलाठी भरतीत थोडक्यात हुकला. दुसरा रात्री मेडिकलवर बसतो, आत्ता कुठं झोपलाय. तिसरा सर्व्हे करतो. आज दिवसभर मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसणार आहे.

वय सव्वीस. राज्यशास्त्रात एमए. निवडणूक जवळ आली की त्याला काम मिळतं. लोकसभेला कोण येईल, हे पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून सांगणाऱ्यांना आकडे लागतात. ते आकडे हा आणतो. एका पूर्ण फॉर्मला सत्तर रुपये. पेट्रोल ज्याचं त्याचं.

तो पाठपिशवी भरतो. मतदारयादीची झेरॉक्स. चाळीस पानं, ऐंशी रुपये, तेही त्याचेच. नकली मतपत्रिकांचं पुडकं. वर फट पाडलेली पुठ्ठ्याची पेटी. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. पॉवर बँक. दोन चपात्यांत शेंगदाण्याची चटणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

सकाळी 6.05

बार्शी नाका. थंडी अजून आहे. टपरीवर दोन कट, वीस रुपये. टपरीवर एकच विषय. अशोक चव्हाण परवा भाजपमध्ये गेले. त्याआधी आठवड्यावर निवडणूक आयोगानं राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत 10 तारखेपासून उपोषणाला बसलेत.

चहावाला त्याला ओळखतो. "मग काय साहेब, कोन येतंय?"

"तेच विचारत फिरतोय."

हे उत्तर त्यानं पाठ केलेलं आहे. सर्व्हेवाल्यानं अंदाज सांगायचा नसतो. सांगितला, तर तो गावात त्याच्या आधी पोचतो. मग लोक आपलं मत सोडून त्याच्या अंदाजाला उत्तर देतात.

पंपावर अडीचशेचं पेट्रोल. तो पावती घेतो. तिचे पैसे कुणी देणार नाही, पण वहीत चिकटवतो.

सकाळी 7.20

बीड-परळी रस्त्यानं वडवणी, तिथून आत आठेक किलोमीटर. गावाचं नाव लिहीत नाही. यादीतली माणसं ओळखू येतील. दोन्ही बाजूंनी बालाघाटचे उघडे डोंगर. गेल्या पावसाळ्यानं दगा दिला. 31 ऑक्टोबरला सरकारनं राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात बीडचे तीन होते: वडवणी, धारूर, अंबाजोगाई. रस्त्याकडेच्या विहिरीत डोकावलं तर तळाचा खडक दिसतो.

गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलांना सांगायचं. नाहीतर दुपारपर्यंत कुणीतरी 'बँकेचा माणूस' म्हणून हाकलतं. मग अंगणवाडी गाठायची. कुणाचं घर कुठलं, कोण घरात आहे, कोण माहेरी गेलंय, हे अंगणवाडीच्या ताईंइतकं कुणाला ठाऊक नसतं.

यादीत सुमारे नऊशे मतदार. ऑफिसातून आलेला हुकूम असा: पहिला क्रमांक चिठ्ठीनं काढा, मग तिथून दर पंचेचाळिसावं नाव घ्या. वीस नावं निघतात. त्याच वीस जणांना भेटायचं. शेजारी चालत नाही, भाऊ चालत नाही, नवऱ्याऐवजी बायको चालत नाही. पारावर आठ माणसं बसलेली आहेत, सगळी बोलायला उत्सुक. त्यांच्यातला एकही वीसमध्ये नाही.

"आमाला इचारा की," त्यातले एक म्हणतात.

"बप्पा, तुमचं नाव निघालं नाही."

"नाव काढायला काय लॉटरी हाय का?"

"लॉटरीच आहे."

पोलीस पाटलांना मात्र तो नीट समजावतो. शितावरून भाताची परीक्षा असते, तसं हे. पाटील विचारात पडतात. म्हणतात, "पन वरचंच शीत घेतलं तर? खाली करपलेलं आसंल, ते कुनाला कळायचं?" म्हणूनच लॉटरी, हा सांगतो. पारावरची माणसं म्हणजे वरचं शीत.

सकाळी 7.45

पहिलं घर. कुलूप. दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली. दिवाळीनंतर उघडलंच नसणार.

दुसरं घर. कुलूप.

तिसऱ्या घरी म्हातारा आहे आणि तीन लेकरं. यादीतलं नाव सुनेचं. "गेली की तोडीला. दोघंबी गेले. येतेल गुढीपाडव्याला."

फॉर्मवर भेट न झाल्याचं कारण लिहायला रकाना आहे. मृत. लग्न होऊन गेली. बाहेरगावी. नकार. घर बंद. ऊसतोड असा वेगळा रकाना नाही. 'बाहेरगावी' मध्ये पुण्यात कंपनीत लागलेला पोरगाही येतो आणि हंगामाला गेलेली सूनही. पण पुण्याचा पोरगा मतदानाला येईल न येईल, ही सून नक्की येणार आहे. बॉयलर थंड झाले की टोळ्या परततात. मतदान एप्रिल-मेमध्ये. तेव्हा ही गावं भरलेली असतील. आज मात्र दर दोन-तीन दारांआड एक कुलूप आहे, आणि अंदाज आजच बांधायचा आहे.

त्याचे आई-बाप पंधरा हंगाम ऊसतोडीला गेले. हा आजीकडं राहून शिकला. हे त्यानं मला सांगितलं ते मी विचारलं म्हणून. नंतर पुन्हा विषय काढला नाही.

सकाळी 8.30

सातव्या नावाची आजी अंगणात शेळीला पाला टाकतेय. यादीत वय एकाहत्तर. ती म्हणते जास्त असंल. बसायला पोतं टाकते, गूळ आणि पाणी देते. फॉर्म सुरू होतो. प्रश्न बेचाळीस. पाणी किती लांबून आणता? रेशन मिळतं का? गेल्या पाच वर्षांत तुमची परिस्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली? आजी प्रत्येक उत्तराआधी शेळीकडं बघते.

मग तो प्रश्न येतो ज्यासाठी ऑफिसानं माणसं पाठवली आहेत. आज निवडणूक झाली आणि भाजपकडून प्रीतम मुंडे उभ्या राहिल्या तर मत कुणाला? आणि प्रीतम मुंडेंऐवजी पंकजा मुंडे उभ्या राहिल्या तर? दोन्ही जोड्यांत समोरच्या रकान्यात एवढंच: 'महाविकास आघाडीचा उमेदवार'.

आजी ऐकून घेते. विचारते, "समोर कोन हाय?"

"अजून ठरलं नाही, आजी."

"मंग मी कसं सांगू? कुस्ती लावायची तर दोन गडी नको का?"

तो हसत नाही. फॉर्मवर 'सांगता येत नाही' लिहितो. तिचं उत्तर मला त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं उत्तर वाटलं.

तिच्या प्रश्नाला उत्तर मिळायला अजून सात आठवडे होते. 13 मार्चला भाजपनं प्रीतमताईंच्या जागी पंकजाताईंना उमेदवारी दिली. समोर कोण, यावर मराठवाड्यात पैजा लागत राहिल्या. ज्योती मेटे यांचं नाव बराच काळ चाललं. शेवटी 4 एप्रिलला शरद पवारांच्या पक्षानं बजरंग सोनवणे यांचं नाव जाहीर केलं. फेब्रुवारीत ते अजित पवारांच्या गटात होते, म्हणजे भाजपच्याच महायुतीत. 2019 मध्ये प्रीतम मुंडेंनी त्यांना 1,68,368 मतांनी हरवलं होतं. आजीच्या अंगणात हा फॉर्म भरला जात होता तेव्हा 'भाजपच्या समोर बजरंग सोनवणे' ही जोडी लावायचं कुणाला सुचलं असतं, तरी ती छापता आली नसती.

आता नकली मतपत्रिका. हा भाग मला मनापासून आवडतो. तो कागद आजीच्या हातात देतो, पेन देतो, आणि पाठ फिरवून गोठ्याकडं तोंड करून उभा राहतो. मी पण फिरतो. कागदावर पक्षांची नावं आणि चिन्हं. कमळ. पंजा. मशाल. धनुष्यबाण. घड्याळ. पण शरद पवारांच्या पक्षापुढची चौकट कोरी. आयोगानं पक्षाला नवं नाव दिलंय, चिन्ह अजून दिलेलं नाही. तुतारी मिळायला आणखी आठवडा जायचा आहे. आजीला वाचता येत नाही. ती चित्रं बघते.

"एक चौकट रिकामी कामून?"

सर्व्हेवाल्यानं पक्षाचं नाव वाचून दाखवायचं की नाही? नियम म्हणतो, कुणी विचारलं तर सगळी नावं, वरून खालपर्यंत, एकाच आवाजात वाचायची. तो वाचतो. सगळी. मग पुन्हा पाठ फिरवतो. कागद घडी होऊन पेटीत पडतो.

चाळीस मिनिटं झाली. सत्तर रुपये.

सकाळी 10.10

बाराव्या नावाचा माणूस दारातच उभा. पस्तिशीतला. पाणी देतो, बसायला देत नाही. प्रश्न नीट चाललेत. मग जातीचा प्रश्न येतो.

"हे कशाला?"

"सगळ्यांनाच विचारतो, दादा. नाही सांगितलं तरी चालतं."

"कोन कुठल्या जातीचा कुनाला मत देतो, हे लिहून नेनार, आन उद्या त्या यादीवर भांडनं लावनार."

ऑक्टोबरच्या शेवटी याच जिल्ह्यात, बीड आणि माजलगावात, आरक्षणाच्या आंदोलनात आमदारांची घरं पेटली. त्याला चार महिनेही झालेले नाहीत. एका आळीतल्या माणसानं दुसऱ्या आळीतल्या दुकानातून किराणा घेणं बंद केल्याचं याच गावात आज आम्हाला दोघांनी सांगितलं. दारातल्या माणसाच्या रागात मला भीती ऐकू आली. सर्व्हे करणारा पोरगा फॉर्म मिटतो. अर्धा भरलेला फॉर्म म्हणजे नकार. त्याचे पैसे नाहीत.

"चहा घेऊन जावा," माणूस मागून म्हणतो. आम्ही घेतो.

सकाळी 11.30

यादीतली सोळावी बाई ज्वारी काढतेय. गावापासून दीड किलोमीटर. बांधावरून चालत गेलो. शेत दुसऱ्याचं. तिची हजेरी तीनशे, सकाळी आठ ते पाच. ज्वारी यंदा गुडघ्याच्या थोडी वर. धाटं बारीक. ती ओणवी, दोन्ही हातांनी धाट धरून मुळासकट उपटते, मागे आडवी टाकते. थांबायला तयार नाही. शेतमालक लांब बांधावर उभा आहे.

"इचारा तसंच. हात चालू राहतेत माजे."

मग तोही पाठपिशवी पुढं अडकवून तिच्या बरोबरीनं सरकत जातो. एक पाऊल, एक प्रश्न. ओळ संपते, दुसरी सुरू होते. परिस्थिती सुधारली की बिघडली? उपटलेलं धाट ती त्याला दाखवते. कणीस बोटभर. उत्तर तिथंच मिळालं, पण तो तिच्या तोंडून वदवून घेतो. आपल्या मनानं लिहायचं नाही.

मतपत्रिकेला मात्र ती थांबते. हात लुगड्याला पुसते. कागद नीट घडी करते, दोनदा. पेटीत टाकताना फटीतून आत वाकून बघते, पडला का.

दुपारी 1.10

देवळामागचं लिंबाचं झाड. चटणी-चपाती. हिशेब होतो. वीसपैकी गावात पूर्ण झाले नऊ. एक वारला, नाव अजून यादीत आहे. एक पोरगी लग्न होऊन आष्टीकडं गेली. एक पुण्याला. एक नकार. सात ऊसतोडीला.

सात. वीसातले सात. मी विचारतो, मग या नऊ जणांवरून गाव कुणाकडं आहे हे सांगता येईल का?

तो मला 1936 ची अमेरिका सांगतो. त्याच्या वहीत टिपण आहे. 'लिटररी डायजेस्ट' नावाचं तिथलं मोठं साप्ताहिक. त्यांनी सुमारे एक कोटी लोकांना कार्डं पाठवली. वीस लाखांवर परत आली. त्यांनी छापलं, रुझवेल्ट हरणार, लँडन येणार. लँडनना 48 पैकी दोन राज्यं मिळाली. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. महामंदीचा काळ होता. ज्यांच्याकडं फोन नव्हता, मोटार नव्हती, ते कुणी विचारायला आलंच नाही म्हणून गप्प राहिले आणि मतदानाला गेले. शिवाय कार्ड परत टाकायची तसदी घेतली ती रागावलेल्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या कितीतरी पट कमी लोकांना विचारलं आणि रुझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं.

"किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारलं नाही, ते बघावं लागतं, सर," तो म्हणतो आणि चटणी पुसून घेतो.

त्या दिवसांत अमेरिकेतही असेच फॉर्म भरले जात होते. बायडन विरुद्ध ट्रंप. वर्षभर तीच जोडी, दर आठवड्याला नवा आकडा. जुलैच्या सुरुवातीला एका सर्व्हेनं मिशेल ओबामांचं नाव घालून बघितलं. त्यांना 50, ट्रंप यांना 39. मिशेल ओबामा उभ्या राहणार नव्हत्याच, त्यांनी तसं अनेकदा सांगितलं होतं. 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली. नोव्हेंबरमध्ये ट्रंप यांच्या समोर कमला हॅरिस होत्या, आणि ट्रंप जिंकले. बायडन-ट्रंप जोडीचे ते सगळे आकडे एका न झालेल्या लढतीचे राहिले. ते खोटे होते असं मी म्हणणार नाही. लोकांनी त्या दिवशी जे मनात होतं ते सांगितलं. आजीला मात्र दुसरा गडी बघितल्याशिवाय बोलायचंच नव्हतं.

दुपारी 2.20

सुपरवायझरचा फोन. तो संभाजीनगरात बसतो, त्याच्या हाताखाली असे चौदाजण. स्क्रीनवर त्याला प्रत्येकाचा ठिपका दिसतो.

"नऊवरच अडकलास. किमान बारा पाहिजेत."

"सातजण तोडीला आहेत, सर."

"शेजारचे घे. त्याच वयाचे, त्याच जातीचे. बाकीचे असंच करतात."

हा थोडा वेळ गप्प. तीन फॉर्म म्हणजे दोनशे दहा रुपये. पारावर माणसं अजून बसलेली आहेत, अर्ध्या तासात तीन फॉर्म सहज होतील.

"सर, दोघं तेलगावच्या बाजूला आहेत. मी तिकडं जाऊन येतो."

"पेट्रोल मिळणार नाही."

"हो."

दुपारी 3.40

तेलगावच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. कोप्यांची रांग. बांबू वाकवून वर ताडपत्री, आत माणूस जेमतेम बसता येईल. बाहेर चुली, कोंबड्या, दोरीवर लेकरांचे कपडे. एका कोपीत ताप आलेलं पोर झोपलंय, शेजारी सात-आठ वर्षांची बहीण राखण करतेय. फड पलीकडं आहे.

बीडचे लाखो लोक दर हंगामाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं आणि कर्नाटकात जातात. यादीतल्या सातांपैकी पाचजण तिकडंच आहेत. हे दोघं सुदैवानं जिल्ह्यातच थांबलेले.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको. हिशेब जोडीचा होतो. गेल्या महिन्यात, जानेवारीत, साखर संघ आणि कामगार संघटनांत करार झाला. तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये. 34 टक्के वाढ. शरद पवार आणि पंकजा मुंडे दोघंही त्या वाटाघाटीत होते. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे सातशे बत्तीस, दोघांत. पण ते हातात येत नाहीत. उचल आधीच घेतलेली असते. या जोडीनं सत्तर हजार घेतली, त्यातले पंचवीस गेल्या वर्षीची बाकी फेडण्यात गेले. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, मुकादम तो वेगळा लावतो.

ती पहाटे चारला उठली आहे. उसाच्या पानांनी हातावर बारीक रेघा उमटल्यात. नवरा बुडातून तोडतो, ती पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते. मोळी डोक्यावर घेऊन टायरगाडीपर्यंत नेते. बाजूला वाढ्यांचा भारा. तो विकून येतात तेच रोजचे रोख पैसे, मीठमिरचीचे.

"माजं नाव? कुठं निघालं?" ती घाबरते.

"गावच्या मतदारयादीत, ताई. लॉटरीत."

ती मुकादमाकडं बघते. मुकादम घड्याळाकडं बघतो. "दहा मिन्टं," तो म्हणतो.

दहा मिनिटांत बेचाळीस प्रश्न होत नाहीत. तो तिच्यामागून मोळ्यांच्या वाटेनं चालतो. एक खेप, चार प्रश्न. टायरगाडीला दगडाची पाचर लावायला तोही हात देतो. शेवटी मतपत्रिका. ती पाटीच्या आडोशाला बसते. मुकादम वाकून बघायला लागतो, तसा हा मधे उभा राहतो. काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. कागदाला चिकाचा अंगठा उमटतो. पेटीत पडतो.

"सर्वेवाले आमच्याकडं पयल्यांदाच आले," ती म्हणते. "मतं मागायला मुकादमाकडं येतेत."

सायंकाळी 5.30

दुसरा माणूस फडात नाही. त्याची टायरगाडी कारखान्याच्या रांगेत उभी आहे. पुढं साठ-सत्तर गाड्या. बैलं सोडून वाढं टाकलंय. काटा होईपर्यंत त्याला काही काम नाही. त्यामुळं हा फॉर्म निवांत होतो, खाली गोणपाटावर बसून. आजूबाजूचे गाडीवान गोळा होतात. फोनवर बातमी आलेली असते: विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निकाल दिला, अजित पवारांचा गट हीच खरी राष्ट्रवादी. गाडीवानांत वाद पेटतो. एक म्हणतो, आता घड्याळच. दुसरा म्हणतो, घड्याळ कुनाच्याबी हातात राहू द्या, टाइम आमी बघनार.

यादीतला माणूस वादात पडत नाही. कागद घेऊन बैलांच्या पलीकडं जातो.

त्या सायंकाळी गाड्यांच्या रांगेत कोण कुणाकडं होतं, हे मला ठाऊक नाही. निकाल मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. 13 मे ला बीडमध्ये सुमारे 71 टक्के मतदान झालं. 4 जूनला मोजणी रात्रीपर्यंत चालली. आघाडी इकडून तिकडं होत राहिली. बजरंग सोनवणे 6,83,950. पंकजा मुंडे 6,77,397. फरक 6,553. तुतारीशी गल्लत होईल अशा पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला 54 हजारांवर मतं पडली. चिन्हांची ती गल्लत किती महागात पडू शकते, हे त्या कोऱ्या चौकटीकडं बघून आजीला आधी कळलं होतं. ज्या जिल्ह्यानं ऑक्टोबर 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडेंना 6,96,321 मतांची आघाडी दिली, तिथं दहा वर्षांनी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरकानं निकाल लागला. हजार-बाराशे माणसांच्या चांगल्या सर्व्हेतही तीन टक्के इकडं-तिकडं धरावेच लागतात. अर्धा टक्का त्यात दिसत नाही. दिसला असता असं कुणी सांगत असेल तर त्याचा ताळेबंद मागावा.

रात्री 8.10

बीड. मोटारसायकल दिवसात एकशे वीस किलोमीटरच्या आसपास चालली. जिन्याखाली वायफाय चांगलं येतं, म्हणून तो पायरीवरच बसून फॉर्म चढवतो. अकरा फॉर्म. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग, प्रत्येकाचं ठिकाण. तेलगावचे दोन लाल होतात. ठिकाण यादीतल्या गावापासून वीस किलोमीटरवर. कारण लिहा, असं ऍप म्हणतं. तो लिहितो: मतदार ऊसतोडीवर, तिथं जाऊन भेट घेतली.

अकरा सत्ते सत्याहत्तर, म्हणजे सातशे सत्तर. पेट्रोल अडीचशे, यादी ऐंशी, चहा-पाणी साठ. उरले तीनशे ऐंशी. ज्वारी काढणाऱ्या बाईची हजेरी तीनशे होती. पैसे महिन्यानं, तपासणी झाल्यावर. लाल झालेले दोन मंजूर झाले तर.

रात्री 8.50

सुपरवायझर पुन्हा. आवाज आता दमलेला. त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे.

"पाच जागा रिकाम्या आहेत."

"पाचजण गावात नाहीत, सर. रिकाम्या आहेत तर रिकाम्याच दिसू द्या. शेरा लिहिलाय."

"वरचे म्हणतील, पोरगं फिरलंच नाही."

"रेकॉर्डिंग ऐकायला सांगा. मागं कारखान्याचा भोंगा आहे."

पलीकडून थोडा वेळ काही येत नाही. मग, "बरं. उद्या धारूरचं बूथ घे. तिथंही हेच असणार."

रात्री 9.15

खोलीत एकजण अभ्यासाला बसलाय, एकजण कामाला निघालाय. हा उद्याच्या यादीतली वीस नावं काढतो. आज एक गोष्ट त्यानं ठरवली आहे: कोण कुठल्या कारखान्यावर आहे, हे निघायच्या आधीच विचारायचं, म्हणजे पेट्रोलचा अंदाज येईल. धारूरच्या त्या गावातल्या अंगणवाडीच्या ताईंचा नंबर एका मित्राकडून मिळालाय. उशीर झालाय, माफ करा म्हणतो, आणि एकेक नाव वाचायला लागतो. ती लगेच सांगत जाते. तो पेन्सिलनं खुणा करतो.

आहे. गेले. गेले, कर्नाटकात. आहे, पण ऐकू येत नाही. वारले. गेली, इथंच जवळच्या कारखान्यावर. आहे.

चौदावं नाव तो वाचतो.

"अहो, ती मीच की," ताई म्हणते.

"मग उद्या पहिलं घर तुमचंच. साडेसातला चालेल?"

"सात वाजता या. नंतर लेकरांची खिचडी टाकायची असती."

तो सात लिहितो. गजर साडेचारचा लावतो.